पंचफुलाआजीने आभार मानले

अन्याय झाला तो पंचफुलाआजीवर. कधी झाला तेही सांगते. यंदाच्या बुद्धपौर्णिमेला, सकाळी, आमच्या गावच्या विहारात, पंचशील म्हणून झाल्यावर आणि खीर वाटायच्या आधी. कुणी केला तेही सांगते, कारण नावं गाळून लिहायची मला सवय नाही. तिच्या दोन मुलांनी केला, आणि मुलीनं फोनवरून होकार दिला. मांडवात बसलेल्या बाकीच्या गावानं टाळ्या वाजवल्या.

थोरला मुलगा प्रल्हाद, आदिलाबादला मुख्याध्यापक. आमच्याकडे मास्तरला 'सार' म्हणतात, म्हणून तो सगळ्यांचा प्रल्हाद सार. धाकटा विजय, गुडीहत्नूरला सरकारी कचेरीत कारकून. मधली सुनंदा, नोकरी आणि संसार दोन्ही बासरला. त्या दिवशी प्रल्हाद सार माईकवर आला आणि म्हणाला, "वडिलांच्या स्मृतीसाठी आम्हा भावंडांनी गावातलं आमचं राहतं घर समाजाला दान द्यायचं ठरवलं आहे. ते पाडून तिथं आपल्या मुलांसाठी अभ्यासिका बांधू. अभ्यासिकेला नाव वडिलांचं."

'राहतं' हा शब्द त्यानंच वापरला. त्या घरात राहत होतं कोण? पंचफुलाआजी. एकटी. ती पहिल्या रांगेत पांढरं पातळ नेसून बसली होती आणि ही बातमी तिच्या कानावर आमच्याबरोबरच, त्याच भोंग्यातून पडली. मी दोन माणसं सोडून बसले होते, मला तिचं तोंड दिसत होतं. तिनं आधी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग आजूबाजूला पाहिलं, कुणाच्या तरी घराचं काहीतरी चाललंय, कुणाच्या बरं, असं. तेवढ्यात प्रल्हाद सारनं माईक तिच्यापुढं धरला. "आई, दोन शब्द बोल."

ती उठली. हात जोडले. म्हणाली, "उपकार झाले. मायी लेकरं लय गुणाची. सुना गुणाच्या, जावई गुणाचा. उपकार झाले."

टाळ्या. मग खीर.

तलमडुगु मंडलातलं, म्हणजे तालुक्यातलं, आमचं गाव लहान आहे, आणि या गावात पंचफुलाआजीचे आभार न ऐकलेला माणूस सापडायचा नाही. कंडक्टरनं बस थांबवली, उपकार झाले. औषधवाल्यानं गोळीचं पाकीट कात्रीनं कापून दिलं, उपकार झाले. गेलेली लाइट परत आली तरी ती वर बल्बाकडे बघून म्हणायची, उपकार झाले बापा. पण खरे आभार राखलेले होते ते लेकरांसाठी. प्रल्हाद सारनं फोन केला की संध्याकाळपर्यंत गल्लीत प्रत्येकाला कळायचं. काय बोलला? "जेवली का म्हणे." बस, एवढंच. पण ते 'जेवली का म्हणे' ती अशी सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरानं कशिदा काढलेली शाल धाडली.

दिसायला म्हणाल तर मुठीएवढी बाई. कपाळावर गोंदण, ते सुरकुत्यांत वाकडं झालेलं. बोटं कापूस वेचून वेचून खरबरीत, बोंडाच्या टोकांनी कातरलेली. या बोटांनी तिघं शिकले. गावातली पत्रकं मीच काढते, हे वाक्य लिहिलं तर तशा पत्रकातलं वाटतं, म्हणून त्याच्यापुढं काही लिहीत नाही. पण खरं आहे.

मिक्सरची गोष्ट सांगते. थोरल्या सुनेनं, शोभाबाईनं, नवा मिक्सर घेतला आणि जुना सासूला दिला. आजीनं तो फळीवर मांडला, जुन्या लुगड्याचा तुकडा त्याच्यावर घातला, आणि त्या दिवसापासून तिच्या घरची प्रत्येक चटणी मिक्सरची झाली.

"आजी, आज चटणी लय बारीक हाय."

"मिक्सरची हाय ना वो! मोठ्या सुनेनं देल्लं. कोण देते अशा जमान्यात?"

आमचं घर तिच्या घराला लागून. रोज सकाळी भिंतीपलीकडून पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज यायचा. मी एकदा म्हटलंच, "आजी, तुझा मिक्सर दगडावाणी काऊन वाजते?"

"चूप बस. तुये कान किडले. पत्रकं वाचू वाचू."

"कान वाचत नाहीत, आजी."

"तुये वाचतात. म्हणून तर लगीन जमत नाई."

मिक्सरच्या भांड्याला तडा होता. पाणी घातलं की खालून गळायचं. हे मला नंतर कळलं, तेही तिच्याकडून नाही. तिनं त्या तड्याबद्दल कुणालाच सांगितलं नाही. सुनेला तर नाहीच.

आता कपाची गोष्ट. ही मला बरी सांगता येत नाही, राग येतो. आजीला खोकला धरला होता, म्हणून प्रल्हाद सार तिला आदिलाबादला घेऊन गेला. चांगलं केलं. दवाखाना केला, औषध केलं, महिनाभर ठेवून घेतलं. मी कलेक्टर ऑफिसवर निवेदन द्यायला गेले होते, मराठी शाळांत मास्तर नाहीत म्हणून. परतताना वाटलं, आजीला भेटून जाऊ. तोवर खोकला कधीच गेला होता. शोभाबाईनं चहा आणला. माझा, सारचा, तिचा, फुलांच्या कपांत. आजीचा स्टीलच्या पेल्यात.

मी पेल्याकडे बघितलं हे शोभाबाईच्या लक्षात आलं. "खोकला होता ना आईंना," ती म्हणाली, "घरात लेकरू आहे." खरंच लेकरू होतं, तिचाच मुलगा, आजीला तेलुगुत 'नानम्मा' म्हणणारा. बाई वाईट नाही, मी खोटं लिहिणार नाही. आजीला ताप होता तेव्हा तिनंच रात्रभर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या.

आजी मध्येच बोलली, "मले पेलाच आवडते बाई. हाताले गरम लागते." चहा प्याली, मागं गेली, पेला विसळला आणि न्हाणीच्या खिडकीत, बाहेरच्या बाजूला, पालथा घातला. ती जागा तिला कुणी दाखवली नव्हती. ती तिला माहीत होती. ती पोर असताना मालकाच्या वाड्याच्या वळचणीला तिच्या आईचा कप असाच खोचलेला असायचा, हे तिनंच मला सांगितलं होतं. त्या वेगळ्या कपाविरुद्ध उभं राहून आमच्या माणसांनी मार खाल्ला, गावं सोडली. आणि तो कप साठ वर्षं चालत चालत मुख्याध्यापकाच्या न्हाणीच्या खिडकीत येऊन पालथा पडला. समतेवर भाषण देणाऱ्या मुख्याध्यापकाच्या.

बसस्टँडपर्यंत ती मला सोडायला आली. म्हणाली, "किती करतात मायं. उपकार हायेत त्याईचे."

मी तोंडावर म्हटलं, "आजी, आई लेकरांचे उपकार मानते का कधी? ते मानतील तुझे."

"तुले नाई समजत."

"मग समजाव."

तिनं समजावलं, स्टँडवरच्या बाकावर बसून, हसत हसत. ती लग्न होऊन नवी आली होती तेव्हाची गोष्ट. ज्वारी निघाली की खळ्यावर मजुरीची ज्वारी मिळायची. मालक टोपल्यात ओतायचा आणि बाई टोपलं डोक्यावर घ्यायच्या आधी म्हणायची, उपकार झाले मालक. एकदा हिनं ते म्हटलं नाही. मुद्दाम नाही, जीभच उचलली नाही. दिवसभर राबून ज्वारी घ्यायची आणि वर उपकार कशाचे, असं मनात आलं एवढंच. मालकानं टोपलं ओढलं, अर्धं परत राशीवर ओतलं आणि म्हणाला, जा. सासूनं पुढं होऊन हिच्या वाटचे उपकार मानले, पण अर्धं गेलं ते गेलंच.

"तवापासून मी कानाले खडा लावला," आजी म्हणाली. "पयले म्हणून टाकाचं. मंग उचलाचं."

आणि ती खरंच हसली. तिला ती गमतीची गोष्ट वाटत होती. मला बस कधी येते असं झालं.

पण एक जागा अशी होती की जिथं पंचफुलाआजी कुणाचे म्हणजे कुणाचेच उपकार मानायची नाही. तिचं घर. मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, पुढं सपरी म्हणजे ओसरी, मागं न्हाणी आणि एक शेवग्याचं झाड. नवरा सालगडी होता. जागा मिळाली तेव्हा दोघांनी मिळून बांधलं. विजय पोटात असताना तिनं पायानं माती तुडवली, म्हणून धाकट्यावर ओरडायचं झालं की म्हणायची, "तू तर पोटातूनच या मातीत लाथा मारल्या!" नवरा गेल्यावरही दर वर्षी पावसाळ्याच्या आधी कवेलू फेरायला ती स्वतः शिडीवर चढायची. गल्लीतल्या पोरांना खालून कवेलू द्यायला लावायची आणि एखादं फुटलं की वरून अशा शिव्या घालायची की रस्त्यावरचा माणूस थांबून ऐकेल.

त्या घरात ती दुसरीच बाई होती. सपरीत पाय लांब करून बसायची. आल्या-गेल्याला कामाला लावायची. दिवाळीच्या सुट्टीत प्रल्हाद सार कारमधून उतरला, हातात मिठाईचा डबा, पायात चकचकीत बूट. आम्हाला वाटलं आता सुरू होणार, गुणाचं लेकरू, उपकार झाले. तर आतून आवाज आला, "बूट भाईर काढ! आत्ताच सारवलं, दिसत नाई?" मुख्याध्यापक एका हातात मिठाई आणि दुसऱ्या हातात बूट घेऊन अंगणात उभा होता. नातू खिदळत होता. डबा हातात घेताना तिनं काय म्हणावं? "हे काऊन आणलं? गोड मले चालत नाई, मालूम हाय ना तुले?"

मी हे तिला एकदा बोलून दाखवलं. "आदिलाबादला तर पाण्याच्या पेल्याचेही उपकार मानते. इथं का नाही?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पेरणी कशात करतात हे विचारलं. म्हणाली, "तती मी पाव्हणी. इथं मायी मी."

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी खीर खाऊन गाव पांगलं. कार निघून गेली. ऊन कलल्यावर मी तिच्याकडे गेले. ती चुलीपुढं बसून भाकर थापत होती.

"आली का पत्रकवाली. भाकर खातं?"

"आजी, तुला आधी माहीत होतं का?"

"पातोडीची भाजी हाय."

"आजी."

तिनं भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "नाई," म्हणाली.

"मग नाही म्हण ना. अजून काही गेलं नाही. घर तुझं आहे."

"हाय ना," ती म्हणाली. भाकर फुगली. ती तशीच चिमट्यात धरून म्हणाली, "मी आंदी म्हणून टाकलं, पोरी. माईक पुढं आला ना, मी म्हणून टाकलं. मंग खाली बसल्यावर समजलं का प्रल्हाद काय म्हणे."

खळ्यावर घेतलेला धडा. पहिले म्हणून टाकायचं, मग उचलायचं. इथं उचलायला काही नव्हतंच, उलट तिचंच टोपलं कुणीतरी उचललं होतं.

"तर मग आता सांग ना. मी येते तुझ्यासोबत."

"आता? माईकवर बोलली मी, भर मांडवात. त्याच्या शाळेतले सार आलते, मोठाले. आता मी म्हणू का माया लेक खोटा? त्याची मान खाली पाहाले मी जगली का?"

"तुझं घर जाऊन राह्यलं आजी!"

"वरडू नको. चूल हाय, सभा नाई." मग आवाज उतरवून म्हणाली, "लेकरं वाईट नाईत. माया बुढा दवाखान्यात होता तवा प्रल्हाद खाली फरशीवर झोपे. विजय सुट्टी टाकून येते. सुनंदा रोज फोन करते. मले कोणी टाकलं नाई. गावात पाय, किती बुढ्या टाकल्या लोकाईनं."

हे सगळं खरं आहे. म्हणूनच मला ते सहन होत नाही. लेकरं टाकून देणारी असती तर गोष्ट सोपी होती, मी पत्रक काढून मोकळी झाले असते. ही लेकरं सांभाळणारी आहेत. कौतुकाची आहेत. आईला विचारायचं असतं, एवढंच त्यांना कुणी शिकवलं नाही, आणि तिनं तर मुळीच नाही.

त्याच आठवड्यात मी प्रल्हाद सारला गाठलं. तो विहाराच्या अंगणात विटा कुठं उतरवायच्या ते बघत होता. मला बघून हसला. "ये, क्रांतिकारक."

"सार, आजीला विचारलं होतं का?"

"तुला अभ्यासिका नको का?" त्यानं उलट विचारलं. "तूच तर पत्रक काढलं होतंस. मुलांना बसायला जागा नाही, दिव्याखाली गर्दी होते. मी याच विहाराच्या दिव्याखाली बसून शिकलो. मला माहीत आहे ते काय असतं."

"काढलं होतं. पंचायतीकडं मागितली होती अभ्यासिका. तुमच्या आईकडं नाही."

"ती एकटी राहते. कवेलू फेरायला शिडीवर चढते या वयात. उद्या पडली, तर पहिलं पत्रक आमच्यावर तूच काढशील."

"काढीन," मी म्हटलं. "पण विचारलं होतं का?"

तो वैतागला. वैतागला तरी आवाज चढवत नाही, सवयीचा मास्तर आहे. म्हणाला, "आईला काय विचारायचं? ती कधी कशाला नाही म्हणाली आहे? आणि तिनं आभार मानले. माईकवर. सगळ्या गावानं ऐकलं. तूही ऐकलंस."

विजयही होता तिथं. तो म्हणाला, "कायदेशीर सगळं बरोबर करून राह्यलो आमी."

"वारसात बायकोचाही वाटा असतो, विजयदादा. तुम्ही कचेरीत बसता, तुम्हाला मी सांगायला नको."

"तिनं आभार मानले ना पण," तो म्हणाला.

बघा कसं आहे. जन्मभर ती ज्या शब्दानं सगळ्यांना सांभाळत आली, तोच शब्द तिच्या अंगठ्यासारखा वापरला. आता कुठंही गेलं तरी उत्तर तयार: तिनं आभार मानले.

आपण दर पौर्णिमेला पाच शीलं म्हणतो. दुसरं शील काय आहे? जे कुणी दिलेलं नाही ते मी घेणार नाही. लहान लेकरालाही पाठ आहे. त्या दिवशी सकाळी सगळ्या मांडवानं ते एका सुरात म्हटलं, प्रल्हाद सारचा आवाज सर्वांत खणखणीत. आणि म्हटल्यावर ओठ सुकायच्या आत एका म्हाताऱ्या बाईचं घर घेतलं. चोरी करणारा निदान जाणतो की आपण चोरी करतो आहोत. आपण घेतलं आणि त्याचं नाव दान ठेवलं. ही चूक दुसऱ्या कुणाकडून झाली नसती, आपल्याकडूनच झाली. आपल्याला दान द्यायची एवढी हौस आहे, समाजाचं ऋण फेडायची एवढी घाई आहे, की ज्या बाईच्या अंगावरून आपण वर चढलो तिलाच देऊन टाकलं.

नंतर एक दिवस प्रल्हाद सार माप घेणाऱ्या मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्री चपला घालून सपरीत चढला. आजीनं त्याला तिथंच थांबवलं. "चपला भाईर." त्यानं सारकडे बघितलं, सारनं मान हलवली, मिस्त्रीनं चपला काढल्या. पाडायच्या घराचं माप तो अनवाणी घेत होता.

आजी दारात उभी होती. एकदम म्हणाली, "बापू, एक इचारू?"

"बोल ना, आई."

"ते तयार झाल्यावर झाडाले कोण रायीन?"

"ठेवू कुणी तरी."

"मी झाडीन ना. रोज. पोट्टे लय कचरा करतात."

सार हसला. "आदिलाबादवरून रोज येशील झाडायला?"

"बसनं यीन."

ती थट्टा करत नाही हे त्याला उशिरा कळलं. त्याचं हसू उतरलं. एक क्षण मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल आणि आईला विचारेल. फार जवळ आला होता तो. टेपचं एक टोक त्याच्या हातात होतं. मग मिस्त्रीनं दुसरं टोक ओढलं, "सार, टेप धरा," आणि सार म्हणाला, "बघू, आई." आणि माप पुढं सुरू झालं.

आपल्या घरात झाडू मारायची परवानगी मागितली त्या बाईनं. तीही मिळाली नाही. 'बघू' मिळालं.

तिला आदिलाबादला न्यायला विजय कार घेऊन आला तो दिवस मी पाहिला. आमची अर्धी गल्ली गोळा झाली होती. सामान काय, एक पिशवी, एक गाठोडं. पाटा-वरवंटा घ्यायचा म्हणाली तर विजय म्हणाला, "काय दगड नेतं आई, तती मिक्सर हाय." तिनं लगेच मान हलवली. पाटा भिंतीला टेकवून ठेवला. मग घरात जाऊन फळीवरचा तो जुना मिक्सर काढून आणला, तसाच लुगड्यात गुंडाळलेला.

"हा काऊन, आजी?" मी हळूच म्हटलं. "तडा आहे ना त्याला."

"शोभाले वाटीन का मी टाकून आली," ती म्हणाली.

गल्लीतल्या बायका डोळे पुसत होत्या. एकीनं म्हटलं, "नशीबवान हायेस, पंचफुला. लेकरं नेऊन राह्यले." आजी म्हणाली, "हो ना वो." मिक्सर मांडीवर घेऊन ती कारमध्ये मागं बसली. विजयनं दाराला कुलूप घातलं, किल्ली आपल्या खिशात टाकली आणि गाडी सुरू केली.

"थांब," आजी म्हणाली. मिक्सर सीटवर ठेवून ती उतरली. आम्हाला वाटलं काही विसरली. सपरीच्या पायरीपाशी तिनं चपला काढल्या. वर चढली. बंद दाराच्या चौकटीवर हाताचा पंजा ठेवला, गायीच्या पाठीवर ठेवतात तसा. मग दोन पावलं मागं सरून तिनं हात जोडले.

"उपकार झाले," ती घराला म्हणाली.

त्या घरात एवढ्या वर्षांत तो शब्द तिच्या तोंडून मी एकदाही ऐकला नव्हता. तिथं ती मालकीण होती. त्या क्षणी ती तिथलीही पाहुणी झाली.

परत येऊन ती गाडीत बसली. मिक्सर पुन्हा मांडीवर घेतला. दार लावताना त्याची वायर बाहेर राहिली, ती रस्त्यावर घासत गेली वळणापर्यंत. मला तिचं शेवटचं दिसलं ते एवढंच. ती मागं वळून बघत नव्हती. समोर, विजयच्या पाठीला काहीतरी सांगत होती. काय सांगत असेल ते तुम्हीही ओळखाल.

घर अजून उभं आहे. विटा येऊन पडल्या आहेत, भिंतीला अजून कुणी हात लावलेला नाही. पुढच्या पौर्णिमेला काम सुरू करायचं, पूजा आपल्यात नाही म्हणून त्याला भूमिपूजन नाही म्हणायचं, 'पायाभरणी' म्हणायची, असं ठरलं आहे, म्हणजे शब्दांची काळजी आपण घेतो. त्या दिवशी तिला आणतील, पहिल्या रांगेत बसवतील, पुन्हा माईक पुढं धरतील.

म्हणून तुम्हाला सांगते, जे हे वाचताय त्या तुम्हाला, मग तुम्ही आमच्या गावचे असा की मंडलातल्या कुठल्याही गावचे. त्या सकाळी विहारात या. टाळ्या वाजवू नका. माईक तिच्यापर्यंत पोचायच्या आधी उठा, तिच्याजवळ सतरंजीवर खाली बसा आणि भोंग्याशिवाय, साध्या आवाजात तिला विचारा: पंचफुलाआजी, हे घर तू दिलंस का? आणि ती जर 'उपकार झाले' म्हणाली, तर ते उत्तर धरू नका. पुन्हा विचारा. ती हो किंवा नाही म्हणेपर्यंत तिथून उठू नका, आणि कुणाला खीर वाटू देऊ नका.